मोटारसायकलची सर्व्हिसिंग घरी: काय स्वतः करायचं, काय शोरूमला द्यायचं आणि वॉरंटी कशी टिकवायची

वॉरंटीत गाडी दाखवायला नेली की सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर इंजिन उघडण्याआधी कागद उघडतो. ठरलेल्या सर्व्हिसिंग वेळेवर झाल्या का, अधिकृत ठिकाणी झाल्या का, वायरिंगला बाहेर कोणी हात लावलाय का, एवढं आधी बघितलं जातं. म्हणून घरी सर्व्हिसिंग करायचा विचार असेल, तर पाना हातात घेण्याआधी वॉरंटीची पुस्तिका नीट वाचा.

मराठवाड्यात हा विचार करावाच लागतो. किनवट, भूम, पाटोदा किंवा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून मोठं सर्व्हिस सेंटर गाठायचं, तर जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. त्यात रस्ता पांदीचा, उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. शोरूमच्या दोन फेऱ्यांच्या मधे अशा गाडीला मालकाचा हात लागलाच पाहिजे. आमचं सांगणं सरळ आहे. वॉरंटी चालू असेपर्यंत किलोमीटरची ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी करा, मधली सगळी देखभाल घरी करा आणि दोन्हींचा कागद जपा. वॉरंटी संपली की ऑईल बदलीसकट बहुतेक कामं घरी आणता येतात.

पुस्तिकेतल्या अटी

गाडीबरोबर दोन गोष्टी मिळतात: गाडी कशी वापरावी हे सांगणारी मालकाची पुस्तिका, आणि सर्व्हिसिंगची कुपनं व वॉरंटीच्या अटी असलेलं दुसरं पुस्तक. हल्ली ही दोन्ही एकत्र किंवा ॲपवर असतात. बहुतेक जण दुसरं पुस्तक डिकीत टाकतात आणि पहिल्या पावसात ते भिजतं. त्याची झेरॉक्स घरात ठेवा.

कच्च्या मालात किंवा जोडणीत राहिलेला दोष कंपनी फुकट दुरुस्त करून देईल, एवढंच वॉरंटीचं आश्वासन असतं. मुदत वर्षांत आणि किलोमीटरमध्ये दिलेली असते, जी आधी संपेल ती खरी. वापरानं झिजणारे भाग यात सहसा धरत नाहीत: ब्रेक लायनर, क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, केबली, बल्ब, रबरी भाग, प्लग, फिल्टर. बॅटरी आणि टायरची वॉरंटी ती ती वस्तू बनवणाऱ्या कंपनीची असते, म्हणून दोन्हींचे नंबर गाडी घेतानाच लिहून ठेवा. जुनी गाडी घेत असाल, तर उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का आणि त्यासाठी काय करावं लागतं, हे त्याच पुस्तकात शोधा.

सगळ्यात महत्त्वाची अट सर्व्हिसिंगची. आपल्याकडच्या दुचाकी कंपन्यांच्या पुस्तिकेत साधारणपणे लिहिलेलं असतं की फ्री आणि पैसे भरून करायच्या अशा सगळ्या सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच, ठरलेल्या अंतरात झाल्या पाहिजेत. फ्री सर्व्हिसिंगमध्ये फक्त मजुरी माफ असते, ऑईल आणि सामानाचे पैसे द्यावेच लागतात. ‘फ्री असून पैसे घेतले’ म्हणून रागावून पुढची सर्व्हिसिंग बाहेर केली, तर तोटा आपलाच होतो.

गफलत होते ती दिवसांच्या हिशोबात. किलोमीटर किंवा दिवस, जे आधी भरेल तेव्हा सर्व्हिसिंग करायची असते. लोक किलोमीटर बघतात, दिवस विसरतात. दसऱ्याला गाडी घेतली की पहिली सर्व्हिसिंग नेमकी कापूस वेचणी आणि रब्बीच्या पेरणीच्या घाईत येते. गाडी तीनशे-चारशे किलोमीटरच चाललेली असते आणि मुदत निघून जाते. पहिली सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना ५०० ते ७५० किलोमीटरच्या आसपास असते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. नव्या इंजिनचे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूची बारीक भुकटी तेलात उतरते आणि ती त्या पहिल्या ऑईल बदलीतच बाहेर जाते. गाडी घरी आली त्याच दिवशी पहिल्या तीन सर्व्हिसिंगच्या शेवटच्या तारखा मोबाईलच्या कॅलेंडरात टाका.

कायद्याचं थोडं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. ग्राहकानं स्वतंत्र गॅरेजात काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट नको, बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असं त्यात म्हटलं होतं. त्या प्रकरणात दुचाकी कंपन्या नव्हत्या आणि आदेशाला पुढे आव्हानंही दिली गेली. वाद झाला तर हे तत्त्व जरूर मांडा, पण त्याच्या भरवशावर ठरलेली सर्व्हिसिंग चुकवू नका.

घरच्या पेटीत काय हवं

८ ते १७ नंबरपर्यंतचे रिंग पाने, मागच्या ॲक्सलच्या नटाचा मोठा पाना (गाडीप्रमाणे साधारण १९ ते २४), प्लग पाना, एलन कीचा संच, पक्कड, टायरच्या हवेचं मीटर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि मिलीलिटरच्या खुणा असलेलं मोजपात्र. याशिवाय १० ते ६० न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळतोय ते दाखवणारा पाना, घ्याच. घरच्या कामातलं सगळ्यात महागडं नुकसान बोल्ट जास्त आवळल्यानं होतं. इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं, लोखंडी बोल्टपुढे त्याचे आटे टिकत नाहीत. आटे गेले की तो दोष मालकाचा, वॉरंटी त्याला हात लावत नाही. बोल्ट बसवताना आधी बोटांनी तीन-चार फेरे जाऊ द्या. तिथेच अडकला तर काढून पुन्हा सरळ धरा, पान्यानं रेटू नका.

चेन

दर ५०० किलोमीटरला चेनला तेल द्या, चिखलातून आल्यावर त्याच दिवशी. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चालू इंजिनवर गिअर टाकून चाक फिरवत चेन पुसायची सवय अनेकांना आहे, त्यात बोटं जातात. डिझेल लावलेल्या ब्रशनं चेन साफ करा, कोरडी पुसा आणि एसएई ९० गिअर ऑईल खालच्या पट्टीवर आतल्या बाजूनं थेंब-थेंब सोडत हातानं चाक फिरवा. दहा मिनिटांनी वरचं तेल फडक्यानं पुसून घ्या. तेल रोलरच्या आत हवं. वर साचलेल्या तेलावर फुफाटा बसतो आणि त्याचा पॉलिश पेपरसारखा लेप तयार होतो. याच कारणानं चेनला ग्रीस थापू नका. ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही टाळा, रिंगा फाटतात.

ताण बघायला दोन स्प्रॉकेटच्या मधोमध खालची पट्टी बोटानं वर-खाली करा. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर हालचाल चालते, काही १५० सीसी गाड्यांना २५ ते ३५. नेमका आकडा पुस्तिकेत किंवा मागच्या फोर्कवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. पूर्ण चेन-कव्हर असलेल्या गाडीत कव्हरवरची रबरी टोपी काढून हे बघता येतं. चाक पाव-पाव फिरवून चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सगळ्यात घट्ट असेल तिथे माप जुळवायचं. घट्ट आणि सैल जागेत फार फरक पडत असेल, तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलायची वेळ आली. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर टाकून पैसे वाया घालवू नका.

ताण जुळवताना ॲक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवा, फोर्कवरच्या खुणा डाव्या-उजव्या बाजूला एकच आहेत ना ते बघा आणि नट पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा. इथे एक गोष्ट हमखास विसरते. चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉडही ओढला जातो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. ड्रम तापतो, गाडी ओढल्यासारखी चालते, ॲव्हरेज पडतं. म्हणून चेननंतर मागच्या पॅडलची मोकळी चाल पुन्हा २० ते ३० मिलिमीटरवर आणा आणि ब्रेक लाईट वेळेवर लागतो का तेही बघा. चेनची कुलूप-कडी काढली असेल, तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला ठेवा. उलटी बसली तर क्लिप निसटून चेन रस्त्यात तुटते.

चेन जास्त घट्ट ठेवण्याची खोड सोडा. मागे माणूस किंवा दुधाच्या कॅन बसल्या की शॉकअब दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. तो सगळा जोर पुढच्या स्प्रॉकेटच्या बेअरिंगवर आणि ऑईल सीलवर पडतो. सील गळायला लागलं की गाडी वॉरंटीत आणली जाते आणि दोष चेनच्या ताणाचा निघतो.

एअर फिल्टर

आपल्या भागात इंजिनचं आयुष्य या एका भागावर ठरतं. फिल्टर फाटका, चुकीचा किंवा नीट न बसलेला असेल, तर मातीचे बारीक कण आत जातात, सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासतात, गाडी निळा धूर टाकते आणि ऑईल खाते. इंजिन उघडल्यावर फिल्टरच्या मागच्या नळीत धुळीचा माग दिसतो आणि देखभालीचा दोष म्हणून काम वॉरंटीबाहेर जातं.

फिल्टर तीन प्रकारचे. पहिला तेल लावलेल्या कागदाचा, रंगानं तपकिरी आणि हाताला किंचित चिकट. तो साफ करायचाच नसतो, मुदत झाली की बदलायचा. गॅरेजात त्याच्यावर हवा मारली की कागदावरचं तेल उडतं, बारीक छिद्रं मोठी होतात आणि दिसायला स्वच्छ झालेला फिल्टर माती अडवत नाही. दुसरा कोरड्या कागदाचा. तो आतून बाहेर, कमी दाबानं आणि लांबून हवा मारून झटकता येतो. तिसरा फोमचा. तो डिझेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात दाबून धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत पूर्ण वाळवायचा, मग पुस्तिकेत सांगितलेल्या तेलात भिजवून जादाचं तेल दाबून काढायचं.

पुस्तिकेतली फिल्टरची मुदत सर्वसाधारण रस्त्याची असते, धुळीच्या भागात लवकर बदला असं तिथेच लिहिलेलं असतं. रोज पांदीनं जाणाऱ्या गाडीसाठी निम्म्या मुदतीचा हिशोब धरा. फेब्रुवारी ते जून दर महिन्याला झाकण उघडून बघा. बसवताना कडेचं सील दुमडलेलं नाही, झाकणाचे सगळे स्क्रू जागेवर आहेत आणि इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीची क्लिप घट्ट आहे, हे तपासा. बॉक्सच्या तळाला एक बारीक, टोकाला बंद नळी असते. तिच्यात तेल-पाणी साचलं तर काढून टाका. त्यात तेल फार दिसलं, तर इंजिनमध्ये ऑईल जास्त भरलं गेलं असण्याची शक्यता मोठी.

धुणं, हवा, ब्रेक, बॅटरी

काळी माती इंजिनच्या पट्ट्यांमध्ये वाळली की हवा फिरत नाही आणि एअर-कूल्ड इंजिन तापतं. ओली असतानाच पाणी मारा, वाळली तर लाकडी काडीनं काढा, स्क्रू ड्रायव्हर नको. पुढच्या मडगार्डच्या आतला चिखल टायर घासतो आणि चाक जाम करतो, तोही काढा. गरम इंजिनवर थंड पाणी टाकू नका. प्रेशर पंपाचा फवारा सायलेन्सरच्या तोंडात, एअर बॉक्सवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि वायरींच्या कपलरवर मारायचा नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर असतात. कपलरमध्ये पाणी शिरलं की मीटरवर इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी मिसिंग करते.

टायरची हवा थंड असताना, म्हणजे सकाळी बघा. अनेक १०० सीसी गाड्यांना पुढे २५ आणि एकट्यानं चालवताना मागे २८ पीएसआय लागते, डबलसीटला मागे बरीच जास्त. आकडा चेन-कव्हरवर किंवा फोर्कवर छापलेला असतो. ड्रम ब्रेकच्या पत्र्यावर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो शेवटच्या खुणेला टेकला की लायनर संपले, मग ॲडजस्टर आवळत बसू नका. कॉम्बी ब्रेकच्या गाडीत मागच्या पॅडलनं पुढचाही ब्रेक लागतो, त्यामुळे तिथे जुळवणी पुस्तिकेतल्या क्रमानंच करा. क्लचच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती नसेल तर क्लच अर्धवट दबलेला राहतो आणि प्लेटा जळतात.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. काही तास बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर चार्ज करून घ्या. पाणी घालायची जुनी बॅटरी असेल, तर डिस्टिल्ड पाणीच. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा मरतात आणि घरच्या आरओचं पाणीही त्यासाठी पुरेसं शुद्ध नसतं. मे महिन्यात पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरू नका. उन्हात पेट्रोल फुगतं आणि बीएस-६ गाडीत ते वाफ अडवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये उतरून तो निकामी करतं.

इथपर्यंतची कामं वॉरंटी चालू असताना निर्धास्त करा. यातली बरीचशी मालकानं स्वतः तपासावीत असं पुस्तिकाच सांगते.

ऑईल बदली

वॉरंटीच्या काळात ठरलेली ऑईल बदली शोरूमलाच करा. धुळीमुळे मधे एकदा जास्तीची बदली करायची असेल, तर ती घरी करा, पण ठरलेल्या सर्व्हिसिंगच्या जागी ती धरली जात नाही हे लक्षात ठेवा.

ग्रेड पुस्तिकेतलाच हवा. कुठे १०डब्ल्यू-३०, कुठे २०डब्ल्यू-५०, गाडीप्रमाणे वेगळा. आपल्याकडे उन्हाळ्यात जाड तेल चांगलं म्हणून १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० टाकतात. ते तेल सकाळी थंड इंजिनच्या वरच्या भागात उशिरा पोहोचतं आणि कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. बाटलीवर जासो (JASO) एमए किंवा एमए-२ ही मोटारसायकलच्या तेलाची खूण बघा. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारचं किंवा स्कूटरचं एमबी तेल टाकलं की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. बाटली सीलबंद घ्या, पक्कं बिल घ्या आणि बॅच नंबरचा फोटो काढा.

मापाचा घोळ फार होतो. पुस्तिकेत दोन आकडे असतात: नुसतं तेल काढून भरायचं प्रमाण आणि इंजिन खोलल्यावर भरायचं प्रमाण. दुसरा आकडा शे-दोनशे मिलीनं जास्त असतो. आपल्याला पहिला हवा. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत तो ८०० मिली ते १ लिटरच्या दरम्यान येतो. ८०० आणि ९०० मिलीच्या बाटल्या मिळतात त्या यासाठीच. लिटरची बाटली आणून सगळी ओतू नका. जास्त झालेलं तेल ब्रीदरच्या (इंजिनमधला दाब बाहेर सोडणाऱ्या) नळीनं एअर बॉक्समध्ये जातं, फिल्टर भिजवतं आणि सीलांवर दाब आणतं.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, तेल कोमट आणि पातळ होईल. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या, खाली भांडं ठेवा, वरची तेलाची टोपी सैल करा आणि तळाचा ड्रेन बोल्ट काढा. तो अनेक गाड्यांत १७ चा असतो. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. तेवढ्यात बोल्टवर आणि तेलात काय आलंय ते बघा. राखाडी, गंधासारखा बारीक लेप असेल तर काळजी नाही. चकाकणारे तुकडे दिसले तर तिथेच थांबा. गाडी वॉरंटीत असेल, तर ते तेल स्वच्छ बाटलीत भरून ठेवा, फोटो काढा, गाडी चालू न करता टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला न्या.

गाडीला तेलाची जाळी असेल तर ती काढून डिझेलमध्ये धुवा, कागदी ऑईल फिल्टर असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी बदला आणि त्याची ओ-रिंग नवी घाला. ड्रेन बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा. जुना दबलेला असतो, गळतो, आणि गळती थांबवायला माणूस बोल्ट आणखी आवळतो. आटे जातात ते असे. टॉर्क बहुतेक छोट्या गाड्यांत २५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा आकडा बघून घ्या.

मोजलेलं तेल भरा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा आणि मग पातळी बघा. काही गाड्यांत तेल मोजायची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत पूर्ण फिरवून. चूक झाली तर माप चुकतं, म्हणून पुस्तिकेतली एवढी ओळ वाचाच. काचेची खिडकी असलेल्या गाडीत तेल दोन खुणांच्या मधे हवं. गाडी एकदा फिरवून आणा आणि बोल्टखाली कोरडा कागद ठेवून गळती तपासा.

जुनं तेल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. थोडंसं तेलही बरंच पाणी नासवतं. रिकाम्या डब्यात साठवून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या. चेनलाही ते लावायचं नाही, त्यात धातूची भुकटी असते.

वॉरंटीत हात लावू नये अशा जागा

वायरिंग सगळ्यात आधी. रात्री ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर चुकवायला जादा एलईडी लाईट लागतात हे खरं, पण त्यासाठी मूळ वायर सोलून टेप गुंडाळली की पुढे स्टेटर आणि रेक्टिफायर (वीज तयार करून बॅटरीला देणारे भाग), ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) किंवा बॅटरी गेली तरी बोट त्या जोडावर येतं. लाईट हवेच असतील तर शोरूममधूनच बसवा आणि बिलावर त्याची नोंद घ्या. इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, सायलेन्सरवरचा ऑक्सिजन सेन्सर आणि मूळ सायलेन्सर यांनाही हात नको. सील असलेला कुठलाही स्क्रू फिरवू नका. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीचा) आवाज येत असला तरी वॉरंटीत तो त्यांनाच जुळवू द्या.

वॉरंटी संपल्यावर टॅपेट शिकण्यासारखं काम आहे. सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवरच. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटानं किंचित हलले पाहिजेत. फीलर गेजची पट्टी हलकी अडकत सरकावी. अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतं, अनेक गाड्यांत ०.०५ ते ०.१२ च्या दरम्यान, आणि इनटेक-एक्झॉस्टचं वेगळं असू शकतं. घट्ट राहिलं तर गाडी गरम झाल्यावर सुरू होत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो, म्हणून शंका आली तर किंचित सैल बाजूला ठेवा. प्लग बदलताना आधी भोवतीची माती फुंकून काढा, हातानं बसेपर्यंत फिरवा, मग नव्या प्लगला पान्यानं साधारण अर्धा फेरा, जुन्याला आठवा हिस्सा पुरे.

कागद

जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) किलोमीटर, तारीख आणि तक्रार बरोबर लिहिली आहे का हे सही करण्याआधी वाचा. किलोमीटरचा आकडा घाईत चुकला की पुढच्या सर्व्हिसिंगचं अंतर कागदावर जास्त दिसतं. तालुक्याच्या सब-डीलरकडे सर्व्हिसिंग करत असाल, तर ती कंपनीच्या संगणकावर नोंदली जाते का ते विचारा. कंपनीचा बोर्ड असला म्हणजे केंद्र अधिकृत असतंच असं नाही. छापील जॉब कार्ड, जीएसटी बिल आणि मोबाईलवर आलेला मेसेज, तिन्ही ठेवा. थर्मल कागदावरची बिलं उन्हाळ्यात कोरी होतात, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढा.

घरच्या कामासाठी एक वही करा: तारीख, मीटरचा आकडा, काय केलं, कोणता पार्ट, त्याचा नंबर, बिल कुठलं. मीटर आणि बदललेला पार्ट एकाच फोटोत येऊ द्या. पार्ट मूळ कंपनीचेच घ्या आणि रिकामं पाकीट वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका.

दावा नाकारला तर

गाडी देताना जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘तिसऱ्या गिअरमध्ये चढावर मिसिंग करते’ असं तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. दोष कधी येतो, कधी जातो, असं असेल तर व्हिडिओ काढून ठेवा. वॉरंटीत बदललेला जुना पार्ट कंपनीकडे परत जातो, म्हणून देण्याआधी त्याचा फोटो घ्या.

काम नाकारलं तर पुस्तिकेतल्या कोणत्या अटीखाली नाकारलं हे लेखी मागा. काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. मग चेसिस नंबर, जॉब कार्ड आणि फोटो जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करा. एअर फिल्टर स्वच्छ असल्याच्या आणि चेन-ऑईलच्या नोंदी इथे कामाला येतात, कारण देखभाल केली नाही हे म्हणणं त्यांनी खोडलं जातं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली असली तरी बीडला दाखल करता येईल. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील, आणि त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. दोष डोळ्यांना दिसणारा नसेल तर आयोग तज्ज्ञाकडून तपासणी करून घेऊ शकतो. ती होईपर्यंत गाडी दुसऱ्या गॅरेजात खोलू नका, निघालेला प्रत्येक भाग तारखेची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा आणि शेवटच्या दिवशीच्या मीटरच्या आकड्याचा फोटो तक्रारीला जोडा.